आपल्या उसातली हुमणी नेमकी कोणती?



वळवाचा पहिला दणका पाऊस पडला, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला कडुनिंबाभोवती घोंघों आवाज सुरू होतो. अंगणातल्या दिव्यावर तपकिरी भुंगेरे आदळतात, पोरंबाळं ते काडेपेटीत भरून खेळतात. आपण म्हणतो, पाऊस लागला. पण जे भुंगेरे त्या दिवशी निंबावर बसले, त्यांचीच पिलावळ पुढे श्रावण-भाद्रपदात उसाच्या मुळाला लागते, आणि तेव्हा आपण म्हणतो, हुमणी लागली. दोन्ही गोष्टी एकच आहेत, हे आता बहुतेक शेतकऱ्यांना माहीत झाले आहे. मात्र हुमणी ही काही एक जात नाही, हे अजून पुष्कळांच्या ध्यानात आलेले नाही. या लेखाचा विषय तोच आहे.

हुमणीचे नाव काढले की ऊस विकास विभागाकडे येणारा शेतकरी एकच म्हणतो, "साहेब, नावाचं काय घेऊन बसलात? औषध सांगा." त्याचे म्हणणे चूक नाही. उभा ऊस डोळ्यांदेखत वाळत असताना नावाची चर्चा कोणाला सुचणार? पण औषध कोणते, कधी आणि कुठे, याचे उत्तर नावातच दडलेले असते. एका बेटावरच्या ऊसवाल्यांना याचा अनुभव शंभर वर्षांपूर्वी आला. ती हकीकत आधी सांगतो.

मॉरिशसच्या बेटावरची गोष्ट

हिंदी महासागरात मॉरिशस नावाचे लहानसे बेट आहे. १८३४ सालापासून हिंदुस्थानातून हजारो मजूर कराराने तेथे ऊस लावायला आणि तोडायला नेले गेले. मुंबई इलाख्यातून गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज आजही तेथे नांदत आहेत. तेथील शाळांत मराठी शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. सांगायचे एवढेच, की त्या बेटावरच्या उसाशी आपल्या माणसांचे नाते जुने आहे.

१९११ साली या बेटाच्या उत्तर भागात, पाम्प्लेमूस येथे, उसाची बेटे पिवळी पडून वाळू लागली. खणून पाहिले तर मुळाशी पांढऱ्या, वाकड्या अळ्या. बेटावरच्या जुन्या माहितगारांना ही अळी ओळखीची वाटेना. आली कोठून, खाते काय, हिला मारणारे निसर्गात कोण आहे, काही पत्ता नाही. भुंगेरे हाताने वेचण्याची मोठी मोहीम काढली गेली. रात्री दिवे घेऊन माणसे रानात जात आणि पोत्यांनी भुंगेरे गोळा करीत. तरी पीडा हटेना.

हा भुंगेरा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील गिल्बर्ट ॲरो नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने तपासला. ढालपंखी किड्यांतील शेणकिडे, गेंड्या भुंगा, हुमणीचे भुंगेरे या साऱ्या गोताचा तो जाणकार. त्याने १९१२ साली या जातीचे रीतसर वर्णन करून तिला फायटॅलस स्मिथी असे नाव दिले. नाव मिळाल्यावर पुढचा धागा सापडला. हीच जात हजारो मैलांवर, वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावर आढळत होती. म्हणजे हा मॉरिशसचा रहिवासी नव्हेच, हा पाहुणा. बेण्याबरोबर किंवा रोपांच्या मातीतून तो जहाजाने आला असावा, असे मानले जाते.

आता खरी गंमत पाहा. बार्बाडोसमध्येही ऊसच होता आणि हुमणीही हीच. पण तेथे तिने असा उच्छाद मांडला नव्हता. कारण तेथे टिफिया नावाची एक काळी, गांधीलमाशीच्या कुळातली माशी होती. ही माशी जमिनीत शिरते, हुमणीला नांगी मारून लुळी करते आणि तिच्या अंगावर एक अंडे घालते. अंड्यातून निघालेली माशीची अळी हुमणीला हळूहळू खाऊन टाकते. ही माशी मॉरिशसला आणून रानात सोडण्यात आली आणि ती तेथे रुजली. हुमणी नाहीशी झाली असे नव्हे, पण बुडवणारी होती ती सोसवेल इतकी झाली.

भुंगेऱ्याची ओळख पटली नसती, तर त्याचे मूळ गाव कळले नसते. गाव कळले नसते, तर त्याचा वैरी सापडला नसता.

याच्या उलट उदाहरण ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडचे. तेथेही उसाला हुमणीचा त्रास होता. १९३५ साली हवाई बेटांवरून शंभराच्या आसपास मोठे विषारी बेडूक आणून त्यांची पैदास करून उसात सोडले. पण त्या भुंगेऱ्याच्या सवयी नीट पाहिल्या नव्हत्या. भुंगेरा झाडाच्या शेंड्यावर, अळी मातीच्या पोटात, आणि बेडूक मधल्यामध्ये जमिनीवर! हुमणी राहिली ती राहिलीच, वर बेडकांची पीडा दूरवर पसरली, ती आजतागायत निस्तरलेली नाही.

पुनर्वर्णन म्हणजे पुनर्मोजणी

मॉरिशसच्या त्या भुंगेऱ्याचे नाव पुढे बदलले. शास्त्रज्ञांनी जुने नमुने पुन्हा तपासले तेव्हा फायटॅलस या घराण्यात ही जात बसत नाही असे दिसले. आता तिला क्लेमोरा स्मिथी म्हणतात. जुन्या अहवालात एक नाव, नव्या अहवालात दुसरे, किडा मात्र तोच. शेतकऱ्याला वाटते, ह्यांना दुसरा धंदा नाही काय? तर तसे नाही.

आपल्याला जमिनीच्या मोजणीचा अनुभव आहे. जुना कागद एवढेच सांगतो, की पूर्वेला ओढा, पश्चिमेला अमक्याची जमीन. ओढा सरकतो, शेजारी बदलतो, बांध कोरला जातो आणि भांडण लागते. मग मोजणीदार येतो, मूळ नकाशा काढतो, जुन्या खुणा शोधतो आणि नव्याने हद्द कायम करतो. किड्याचे पुनर्वर्णन ही अगदी अशीच पुनर्मोजणी आहे.

किड्यांची दोन शब्दी लॅटिन नावे ठेवण्याची पद्धत स्वीडनच्या लिनिअसने घालून दिली. प्राण्यांच्या नावांची सुरुवात त्याच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून धरतात. त्याचाच शिष्य डेन्मार्कचा फॅब्रिशिअस. त्याने हजारो किड्यांना नावे दिली. आपल्या माळावरच्या हुमणीचे बारसेही त्यानेच १७८१ साली केले. पण त्या काळची वर्णने लॅटिनमध्ये दोन-चार ओळींची असत. तपकिरी, गुळगुळीत, पाय दातेरी, बस्स. अशा वर्णनात आज दहा जाती बसतील! म्हणून मग शास्त्रज्ञ संग्रहालयात टाचणीला टोचून ठेवलेला मूळ नमुना काढतो. हा मूळ नमुना म्हणजे मोजणीतला मूळ नकाशा. त्याला सूक्ष्मदर्शकाखाली धरून तो मिशीच्या टोकाची पाने मोजतो, नख्यांचे दात पाहतो, अंगावरचे खवले आणि केस पाहतो. शेवटी नराचे जननांग सोडवून पाहतो. कुलपाला जशी आपलीच किल्ली लागते, तसे ते अंग प्रत्येक जातीत वेगळ्या घडणीचे असते. वरून जुळे भाऊ वाटणारे दोन भुंगेरे येथे वेगळे पडतात. हे सारे मापासह आणि चित्रांसह लिहून काढले, की पुनर्वर्णन झाले.

आपल्या देशात या कामात एक मोठी उणीव राहून गेली. मॉरिशसच्या भुंगेऱ्याला नाव देणाऱ्या ॲरोनेच हिंदुस्थानातील या गोताच्या किड्यांवर १९१०, १९१७ आणि १९३१ साली जाडजूड ग्रंथ लिहिले. त्यांत फुलांवरचे भुंगे आले, गेंड्या भुंगा आला, पाने खाणारे चकचकीत भुंगेरे आले, शेणकिडेही आले. पण मुळे खाणाऱ्या खऱ्या हुमणीचे जे कूळ, त्याचा ग्रंथ त्या मालिकेत कधी निघालाच नाही. ज्या किड्याने शेतकऱ्याचे सर्वांत जास्त नुकसान केले, नेमके त्याचेच दफ्तर अपुरे राहिले. पुढे बंगळूरच्या कृषि विद्यापीठाचे जी. के. वीरेश यांनी कर्नाटकातील हुमणीचा १९७७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास केला आणि राजस्थान-गुजरातेतही हुमणीवर मोठे काम झाले. पण जुन्या नमुन्यांवरून नव्याने वर्णने करण्याचे काम आजही चालूच आहे.

आपल्याकडच्या चार जाती

महाराष्ट्रात उसाला लागणाऱ्या हुमणीच्या मुख्य जाती चार सांगितल्या जातात.

पहिली, होलोट्रायकिया सेरेटा. हिला माळावरची हुमणी म्हणतात. सेरा म्हणजे लॅटिनमध्ये करवत, त्यावरून सेरेटा, म्हणजे करवतीसारखी दातेरी. भुंगेरा गडद विटकरी-तपकिरी, पाऊण ते एक इंच लांब. हलक्या, मुरमाड, कमी पावसाच्या मुलखात हिचे बस्तान. भुंगेरे कडुनिंब, बाभूळ, बोर यांच्या पाल्यावर जगतात. वर्षाला एकच पिढी.

दुसरी, ल्युकोफोलिस लेपिडोफोरा, म्हणजे नदीकाठची हुमणी. कृष्णा, पंचगंगा, कोयना या नद्यांच्या काठच्या पोयट्याच्या जमिनीत ही पूर्वापार माहीत आहे. ग्रीक भाषेत ल्युकोफोलिस म्हणजे पांढऱ्या खवल्यांचा आणि लेपिडोफोरा म्हणजे खवले धारण करणारा. नावातच ओळख आहे: भुंगेरा आकाराने मोठा आणि अंगावर बारीक फिकट खवले. कर्नाटकातील सुपारीच्या बागांत हिचा जीवनक्रम दोन वर्षांचा असल्याची नोंद आहे.

तिसरी, फायलोग्नॅथस डायोनिसिअस. ही गेंड्या भुंग्याच्या कुळातली, नराच्या डोक्यावर लहानसे शिंग असते. कुजलेले शेणखत, पालापाचोळा येथे हिची वस्ती, आणि तेथून ती शेतात येते. चौथी, ॲडोरेटस. हिचा भुंगेरा लहान, रात्री पाने कुरतडून चाळणी करणारा.

आता विचार करा. पहिलीच्या भुंगेऱ्यांना निंब-बाभळीवर गाठता येते. तिसरीसाठी झाडे हलवून काही हाती लागणार नाही, तेथे उकिरडा तपासावा लागेल. गंधाच्या सापळ्याचेही तसेच. राजस्थान-गुजरातेत भुईमुगाला छळणारी होलोट्रायकिया कॉन्सँग्विनिया ही आपल्या सेरेटाची सख्खी बहीण शोभेल अशी. जुन्या पुस्तकांत ती लॅक्नोस्टर्ना या नावाने सापडते, हेही ध्यानात ठेवावे. तिच्या मादीचा गंध म्हणजे ॲनिसोल नावाचे रसायन, हे १९९० च्या दशकात शोधले गेले आणि त्याचा तेथे उपयोग झाला. पण एका जातीचा गंध दुसऱ्या जातीच्या नराला खेचेलच असे नाही. तेव्हा सापळ्याची पुडी विकत घेण्याआधी विचारा, ही कोणत्या जातीसाठी आहे?

आपला तुळजापूर तालुका बालाघाटाच्या माथ्यावरचा आणि उतारावरचा. मुरमाड माळ, बांधाबांधाला कडुनिंब, ओढ्याकाठी बाभूळ. म्हणजे माळावरच्या हुमणीला हवे ते सारे इथे आहे. अणदूर, जळकोट, काक्रंबा, काटी, कोठेही असा, आपल्या उसात मुख्यतः सेरेटाच असण्याचा संभव जास्त. पण बोरी नदीच्या खोऱ्यातल्या काळ्या जमिनीत आणि शेणखत भरपूर टाकलेल्या रानात दुसरी एखादी नसेलच असे गृहीत धरू नये. संभव म्हणजे ओळख नव्हे.

बांधावर बसून करायची परीक्षा

नक्की जात ठरवणे हे जाणकाराचे काम. पण काही परीक्षा शेतकऱ्याला स्वतः करता येतात.

एक. पाणी कमी पडलेला ऊस आणि हुमणी लागलेला ऊस लांबून सारखाच पिवळा दिसतो. आपल्या अवर्षणी भागात ही फसगत फार होते आणि शेतकरी पाण्यावर पाणी देत बसतो. पिवळ्या बेटाला धरून उपटून पाहा. मुळे खाल्लेली असतील तर बेट सहज हातात येते. मग फूटभर खणून अळ्या मोजा.

दोन. उकिरड्यात सापडलेली प्रत्येक पांढरी अळी हुमणी नसते. अळी सपाट जमिनीवर ठेवा. ती पाठीवर उताणी होऊन सरपटू लागली, तर ती फुलांवरच्या भुंग्याची अळी. ही कुजका पाला खाऊन त्याचे खत करते, तिच्यापासून उसाच्या मुळाला भीती नाही. खरी हुमणी कुशीवर पडून इंग्रजी सी अक्षरासारखी वेटोळी राहते.

तीन. अळी उलटी करून शेपटाकडचा भाग भिंगातून पाहा. सेरेटासारख्या खऱ्या हुमणीत गुदद्वाराची चीर वाय अक्षराच्या वळणाची असते आणि तिच्यापुढे बारीक काट्यांची मांडणी दिसते. गेंड्या भुंग्याच्या कुळात ही चीर आडवी, सरळ असते. शाळेतल्या साध्या भिंगाने हे दिसते, पोरांना सांगा, ती हौसेने बघतील.

बंदोबस्ताचे वेळापत्रक

माळावरच्या हुमणीचे वर्ष पावसाशी बांधलेले असते. रोहिणी-मृगाच्या सुमारास पहिला चांगला पाऊस झाला, की जमिनीत दडलेले भुंगेरे सांजावल्यावर बाहेर येतात. झाडावर नर-मादी जमतात, रात्रभर पाला खातात आणि उजाडण्यापूर्वी पुन्हा मातीत जातात. मादी ओल्या भुसभुशीत मातीत सुटी सुटी अंडी घालते. साधारण दहा-पंधरा दिवसांत अळी निघते. लहानपणी ती कुजका काडीकचरा आणि बारीक तंतुमुळे खाते. पावसाळा सरता सरता ती तिसऱ्या अवस्थेत जाते, आणि ही अवस्था सर्वांत लांब, साडेचार महिन्यांच्या आसपास. खरा नाश याच काळात होतो. पुढे ती खोल जाऊन मातीच्या घरात कोष करते, कोषातून भुंगेरा होतो आणि तो पुढच्या पावसाची वाट पाहत तसाच पडून राहतो.

यावरून उघड आहे, की घाव दोन वेळीच घालायचा: भुंगेरा झाडावर असताना आणि अळी लहान असताना. आपण मात्र जागे होतो ते तिसऱ्या अवस्थेत, भाद्रपद-आश्विनात, जेव्हा अळी जाड झालेली आणि ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो.

पहिल्या पावसानंतर रात्री आठ-नऊच्या सुमारास आकडी लावलेल्या काठीने निंब, बाभूळ, बोरीच्या फांद्या हलवाव्यात आणि खाली पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकावेत. हे एक दिवस करून भागत नाही, पावसाप्रमाणे भुंगेरे टप्प्याटप्प्याने निघतात. खोडवा मोडल्यावर खोल नांगरट करावी. नांगरामागे बगळे, कावळे, साळुंक्या येतात, त्यांना हाकलू नये. शेणखत पूर्ण कुजलेलेच वापरावे.

लहान अळीसाठी मेटारायझियम ही हिरवी बुरशी चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून ओलीवर मातीत द्यावी. या बुरशीचा शोधही हुमणीच्या गोतातलाच. १८७९ साली रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ याला ती गव्हावरच्या ॲनिसोप्लिया नावाच्या भुंगेऱ्यावर सापडली, म्हणून तिचे नाव मेटारायझियम ॲनिसोप्ली पडले. मात्र ती जिवंत वस्तू आहे. उन्हात, कोरड्या मातीत टाकली तर पैसे पाण्यात.

जुन्या सवयीने काहीजण अजून बीएचसी पावडर किंवा फोरेट मागतात. बीएचसीवर १९९७ पासून बंदी आहे आणि फोरेटचा वापर २०२० अखेर बंद झाला. कोठे शिल्लक असेल तरी वापरू नये. विहिरीचे पाणी आपणच पितो. उसासाठी आज मंजूर असलेली औषधेच, लेबलावरील प्रमाणात आणि कृषि विज्ञान केंद्राच्या सल्ल्याने वापरावीत.

नमुना कसा पाठवाल?

यंदा प्रत्येक गावातून निदान एक नमुना तपासला जावा अशी इच्छा आहे. भुंगेरे आणि अळ्या दोन्ही हवेत. अळी तशीच स्पिरिटमध्ये टाकली तर काळी पडते, म्हणून आधी दोन-तीन मिनिटे उकळत्या पाण्यात धरून मग स्पिरिटच्या बाटलीत ठेवावी. आत एक चिठ्ठी टाकावी: गाव, गट नंबर, तारीख, जमिनीचा प्रकार, लागण की खोडवा, आणि भुंगेरा असेल तर कोणत्या झाडावरून धरला. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, शाई स्पिरिटमध्ये विरघळते. गाव-तारखेविना आलेला किडा म्हणजे सातबाऱ्याविना जमीन, शास्त्रज्ञाला त्याचा काही उपयोग नाही. बाटली आपल्या गटाच्या चिटबॉयकडे किंवा गट ऑफिसात द्यावी. तुळजापूरचे कृषि विज्ञान केंद्र, परभणीचे कृषि विद्यापीठ आणि मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ही आपल्याला जवळची ठिकाणे आहेत. भुंगेऱ्याच्या बारीक ओळखीसाठी पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे केंद्रही आहे.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट सांगणे भाग आहे. भुंगेऱ्याला बांध नसतो. एकट्याने आपल्या बांधावरचा निंब झाडला आणि शेजाऱ्याने नाही झाडला, तर अंडी दोघांच्याही उसात पडतील. मॉरिशसच्या बेटावर साऱ्यांनी मिळून भुंगेरे वेचले, तरीही ओळख पटेपर्यंत यश हाती आले नाही. आणि नुसती ओळख पटून, कोणी हात हलवला नाही, तर तीही कागदावरच राहते. सहकारात आपण ऊस एकत्र गाळायला शिकलो, हुमणीही एकत्रच वेचावी लागेल.

तरी पहिल्या पावसानंतरच्या आठवड्यात प्रत्येक गावाने रात्रीची सामुदायिक मोहीम ठरवावी, तारीख गट ऑफिसला कळवावी, आणि नमुन्याची बाटली विसरू नये, ही सर्व सभासदांना आग्रहाची विनंती.

— ऊस विकास विभाग